लंगडीतलं उत्तेजनार्थ

आमच्या वर्तकनगरच्या घरातल्या शोकेसमध्ये एकच ट्रॉफी आहे. वीतभर उंचीची, सोनेरी. वर एक धावणारी बाई आहे, पण तिचा एक पाय गुडघ्यापासून तुटलेला आहे. खाली पट्टीवर लिहिलंय, 'आंतरशालेय लंगडी स्पर्धा, मुलींचा गट, उत्तेजनार्थ'. आलेला पाहुणा आधी पट्टी वाचतो, मग माझ्याकडे बघतो आणि मग हळूच माझ्या गुडघ्यांकडे. मी एकसष्ट वर्षांची आहे. लंगडी मी शाळेतसुद्धा खेळले नाही, मला नेहमी गुण लिहायला बसवायचे. तरी ही ट्रॉफी मी घाम गाळून मिळवलेली आहे. ती कशी, हे सांगायचं तर आधी माझा पेशा सांगायला हवा.

ठाण्यातल्या एका संस्थेत मी सव्वीस वर्षं समाजसेविका होते. संस्थेत आईबाप नसलेली मुलं असायची, आणि बाहेरून मूल नसलेली जोडपी यायची. दोघांच्या मध्ये मी. हल्ली दत्तकाची नोंदणी, कागदपत्रं, रांग, सगळं कॉम्प्युटरवर होतं. पण घरी जाऊन माणसं बघायचं काम अजून कॉम्प्युटरला जमलेलं नाही. त्याला आम्ही गृहभेट म्हणतो. घर कसं आहे, माणसं कशी आहेत, मूल इथे रुळेल का, हे बघायचं आणि अहवाल लिहायचा. अहवालाच्या शेवटी एक शब्द असतो, शिफारस. तो लिहिला तर मुलाला घर मिळतं, नाही लिहिला तर नाही. पगाराच्या मानाने ही सत्ता फारच मोठी होती.

गृहभेटीला जाताना आमचा एक नियम होता, अर्जदाराच्या घरी पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. हा नियम ज्याने कोणी केला त्याने कल्याण-डोंबिवलीत पाऊल टाकलेलं नसणार. मी नाही म्हटलं की पोहे जायचे आणि शिरा यायचा. शिरा नको म्हटलं की घरातल्या बाईचा चेहरा असा व्हायचा, की आता मूल मिळत नाही. कल्याणच्या एका जोडप्याने तर माझ्यासाठी हॉल रंगवून घेतला, तोही त्याच सकाळी. मी भिंतीला टेकले. उठताना माझ्या पाठीवर पिस्ता रंगाचा मोठा चौकोन होता आणि भिंतीवर माझ्या साडीची नक्षी. त्यांना मूल मिळालं. ती नक्षी त्यांनी अजून ठेवलीय असं कळतं.

लोक अशी तयारी करतात म्हणून आम्हालाही युक्त्या शिकाव्या लागतात. माझी युक्ती बाथरूमची. कुठल्याही घरी गेलं की मी पाचव्या मिनिटाला हात धुवायला जायची. घरात माणसं किती, हे रेशनकार्डावर बघू नये, टूथब्रशच्या ग्लासात बघावं. दोन माणसांच्या घरात तीन ब्रश निघाले, की चौकशीला सुरुवात.

आता डाऊन सिंड्रोमच्या मुलांबद्दल. आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. या मुलांच्यात एका जोडीत एक जास्तीचं येऊन बसलेलं असतं. त्यामुळे स्नायू सैल असतात, बोलणं उशिरा येतं, शिकायला वेळ लागतो, कधी हृदयात दोष असतो. हा रोग नाही, औषधाने जात नाही, आणि कोणाच्या पापाने येत नाही. शेवटचं वाक्य मी सव्वीस वर्षांत किती वेळा बोलले असेन, त्याला गणती नाही. अशा मुलांची यादी वेगळी असते. साध्या यादीसाठी जोडपी वर्षानुवर्षं रांगेत थांबतात. या यादीला रांगच नसायची.

एकदा मात्र चौकशी आली होती. घोडबंदर रोडला राहणारं एक हुशार जोडपं मोहन नावाच्या मुलाबद्दल विचारायला आलं. मोहन तीन वर्षांचा होता. मी त्यांना समोर बसवलं आणि प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. हृदय, थायरॉईड, कान, डोळे, शाळा मिळण्यातल्या अडचणी, लोकांच्या नजरा. त्यांनी सगळं लॅपटॉपवर टिपून घेतलं, आभार मानले, आणि पंधरा दिवसांनी नकार कळवला. मी एक अक्षर खोटं बोलले नव्हते. पण वरणभातावर लिंबू पिळलं की मोहन टाळ्या वाजवतो, हे मी सांगितलंच नव्हतं. पुढे मोहनला परदेशातलं एक कुटुंब मिळालं. चांगली माणसं होती. बर्फात उभ्या असलेल्या मोहनचा फोटो आला, लाल टोपी घातलेला. तो फोटो बघून मी सगळ्यांसारखी हसले, आणि घरी जाऊन रडले. त्याला तिथे वरणभात कोण देणार, एवढंच मनात येत होतं. त्याचं घर माझ्यामुळे घोडबंदर रोडवरून सातासमुद्रापार गेलं, ही टोचणी काही गेली नाही.

मोहननंतर दोन वर्षांनी बकुळ आली. ती चार वर्षांची झाली तोवर तिच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि तब्येत ठणठणीत होती. स्वभावाने मात्र ती तहसीलदार होती. कोणी कुठे बसायचं, कोणाचं पान आधी वाढायचं, सगळं बोटाने दाखवून ठरवायची. बोलायची मोजके शब्द. 'चूक' हा तिचा सगळ्यात लाडका शब्द होता आणि तो ती बहुतेक करून मला उद्देशून वापरायची.

बकुळचे तळवे सपाट होते, म्हणून डॉक्टरांनी तिला घोट्याला आधार देणारे जाडजूड बूट दिले होते. ते दिवसभर घालणं सक्तीचं होतं. पण बूट घालू द्यायची ती फक्त आमच्या कुसुममावशींना. मावशी मुलांना सांभाळायच्या आणि बकुळ त्यांना आपली खाजगी मालमत्ता समजायची. दुसऱ्या कोणी बूट घेतला की बकुळ पायाची बोटं आत वळवायची, अशी घट्ट, की पाय बुटात जाणं अशक्य. मी चार महिने रोज प्रयत्न केला. गाणी म्हटली, पावडर लावली, बुटाला आवाज काढून बोलायला लावलं. बकुळ माझ्याकडे शांतपणे बघत राहायची आणि बोटं वळलेलीच ठेवायची. शेवटी म्हणायची, 'चूक.' मग मावशी यायच्या आणि बूट लोण्यासारखा आत जायचा. मी समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी घेतलेली आहे, हे त्या काळात मी कोणाला सांगत नसे.

अशात एक दिवस डोंबिवलीहून अर्ज आला. विलास आणि वर्षा परब. दोघं चाळिशीतले, ट्रॉफ्यांचं दुकान. डोंबिवलीत ट्रॉफ्यांचं दुकान म्हणजे काशीत हाराफुलांचं दुकान. तिथे रोज कुठे ना कुठे वक्तृत्व, रांगोळी, पाककला, नाट्यगीत असं काहीतरी चाललेलंच असतं आणि प्रत्येकात उत्तेजनार्थ तीन बक्षिसं असतात. अर्जात त्यांनी स्वतःहून वेगळ्या यादीवर खूण केली होती. मला वाटलं, चुकून झाली. फोन करून विचारलं.

'चुकून नाय मॅडम,' विलास म्हणाला. 'एका स्पेशल शाळेच्या स्पोर्ट्सला ट्रॉफ्या घेऊन गेलेलो. एक पोरगा शेवटचा आला. आला तो सरळ टेबलावरची पहिल्या नंबरची ट्रॉफी उचलून भाषण करायला लागला. एक शब्द कळला नाही, पण पाच मिनिटं बोलला. अख्खं ग्राउंड टाळ्या वाजवतंय. मॅडम, वीस वर्षं ट्रॉफ्या विकतोय. ट्रॉफी मिळाल्यावर एवढा खूश झालेला माणूस मी पहिल्यांदा बघितला. घरी येऊन हिला सांगितलं, तर ही म्हणते, मग आपण वेगळ्या यादीत अर्ज करू या.'

गृहभेटीला गेले. दोन खोल्या, स्वच्छ, रंग जुना आणि वाळलेला. पोहे आले, मी नको म्हटलं. शिरा आला. पाचव्या मिनिटाला मी हात धुवायला गेले. ग्लासात दोन ब्रश होते. मी समाधानाने वळले, तर खिडकीतल्या स्टीलच्या वाटीतून कोणीतरी माझ्याकडे बघून हसलं. दातांची अख्खी कवळी होती, वरची आणि खालची.

बाहेर येऊन मी विचारलं, 'घरात आणखी कोण असतं?'

'कोणी नाही,' वर्षा म्हणाली.

'मग ती कवळी कोणाची?'

'माझी,' विलास म्हणाला. बोलताना त्याचे बत्तीसच्या बत्तीस दात दिसत होते. त्यातला एक तर किंचित पुढेच होता. वर्षाने डोक्याला हात लावला.

तेवढ्यात शेजारच्या दारावर आतून थापा पडायला लागल्या. पाठोपाठ दाताशिवायचा, पण खणखणीत आवाज आला. 'अरे, माका भायर काढा! ह्यांचो टीव्हीय बंद आसा!'

शेजारच्या घरात कोंडलेले ते विलासचे वडील होते. आप्पा, वय अठ्ठ्याहत्तर, केमिकल कंपनीतून निवृत्त. ज्या घरात म्हातारं माणूस असतं त्या घरात दत्तक देत नाहीत, असं परबांना सोसायटीतल्या कोणीतरी ठामपणे सांगितलं होतं. म्हणून मॅडम जाईपर्यंत आप्पांना शेजारी ठेवलं होतं. शेजारीण बाहेरून कडी घालून भाजी आणायला गेली. आणि घाईघाईत आप्पांचा चष्मा, गोळ्या, चप्पल, पेपर, सगळं हलवलं, दात तेवढे राहिले.

मला हसू येत होतं, पण मी हसले नाही. हा प्रकार गंभीर होता. आज सासऱ्याला लपवणारं घर उद्या मुलीलाही पाहुण्यांपासून लपवेल. अशी लपवलेली मुलं मी पाहिली होती. कोणी आलं की आतल्या खोलीत जायचं, एवढंच शिकलेली. मी वही मिटली. शिफारस होणार नव्हती. ते त्या दोघांना माझ्या तोंडावरून कळलं असावं, कारण वर्षाने शिऱ्याची ताटली उचलली आणि ती हातात धरून नुसतीच उभी राहिली.

विलासने जाऊन कडी काढली आणि आप्पा आले. सरळ बाथरूममध्ये गेले, दात लावले, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

'आता विचारा,' ते म्हणाले.

'मला तुम्हाला काही विचारायचं नाही, आप्पा.'

'मग मी विचारतंय. हे दोघे मेल्यावर त्या चेडवाचा कोण बघतलो?'

 'चेडू' म्हणजे मुलगी, तेवढं मालवणी मला येतं. सव्वीस वर्षांत डॉक्टरांनी, वकिलांनी, ट्रस्टींनी मला हजार प्रश्न विचारले, पण आम्ही मेल्यावर तिचं काय, हा प्रश्न तोंडावर कोणी विचारत नसे. सगळ्यांच्या पोटात तो असायचा आणि सगळे शिरा पुढे करायचे.

'माहीत नाही, आप्पा,' वर्षा म्हणाली.  'खरंच माहीत नाही. पण आत्तापण तिचं कोणी नाहीये ना.'

आप्पांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. मग म्हणाले, 'तर मग तिका दुकान शिकवूक व्हया. पट्टी चिकटवूची, मेडलाक रिबिनी ओवूच्यो. माझे हात अजून चलतत. मी शिकवतंय. मॅडम, लिवन घ्या.' आणि माझी मिटलेली वही त्यांनी स्वतः उघडून दिली.

मी लिहून घेतलं. मग मी म्हणाले, 'आता मी सांगते ते ऐका.' हृदय, थायरॉईड, कान, डोळे, शाळा, सगळं सांगितलं. आणि नंतर, मोहनची आठवण ठेवून, हेही सांगितलं की तिला गरम पोळीला तूप लावताना बघायला आवडतं, पोळी खात मात्र नाही. भांडं पडलं की ती भांड्याला रागावते. आणि बूट घालताना बोटं वळवते, तेव्हा बळजबरी करू नका, माझा अनुभव वाईट आहे. विलास हे सगळं हाताच्या तळव्यावर पेनाने लिहीत होता. मग मी शिरा खाल्ला. सव्वीस वर्षांत मोडलेला तो एकच नियम, आणि तोही दुसऱ्यांदा वाढून घेऊन.

शिफारस झाली आणि परब संस्थेत आले. पहिल्या भेटीला बकुळ हाताची घडी घालून आली. कुसुममावशींना मी मुद्दाम बाहेर पाठवलं होतं. बूट विलाससमोर ठेवले. त्याने एक उचलला, बकुळने ताबडतोब बोटं वळवली. मला वाटलं, संपलं. पण विलासने तिच्या पायाकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने तो चिमुकला बूट शांतपणे स्वतःच्या दहा नंबरच्या पायात घालायला सुरुवात केली. ओढला, ढकलला, अंगठ्यावर चढवला, 'आई गं' म्हणून ओरडला, पुन्हा ढकलला. बकुळ बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आधी संशय आला, मग आश्चर्य, आणि मग कीव. एवढा घोडा झालाय आणि याला बूट घालता येत नाही. तिने त्याच्या हातून बूट काढून घेतला, जोरात 'चूक' म्हणाली, त्याच्या पुढ्यात बसली आणि आपला पाय, बोटं सरळ करून, त्याच्या मांडीवर ठेवला. असा घालतात, हे दाखवण्यासाठी.

विलासने बूट घातला. रडत रडत घातला. तेव्हा माझ्या पदवीबद्दल मला जे वाटलं ते मी इथे लिहीत नाही.

कायद्याप्रमाणे आधी मूल काही काळ त्या घरी राहतं आणि मग जिल्हाधिकारी आदेश काढतात. ठाण्याच्या कार्यालयात आमची तारीख लागली त्या दिवशी विलासने बकुळ शांत राहावी म्हणून एक पिशवी आणली होती. त्यात दुकानातला रद्द माल होता. पाय तुटलेले खेळाडू, रद्द झालेल्या स्पर्धांची पदकं, जिवंत देणगीदाराच्या नावामागे 'कै.' पडल्यामुळे परत आलेल्या ढाली. पिशवी हातात आल्यावर बकुळ शांत राहिली नाही, तिने बक्षीस समारंभ सुरू केला. शिपायाला रांगोळीचं रौप्यपदक मिळालं. क्लार्कसाहेबांना हस्ताक्षराचं. आत गेल्यावर तिने थेट टेबलाला वळसा घातला आणि साहेबांच्या गळ्यात पाककलेचं सुवर्णपदक घातलं. साहेब भले होते, त्यांनी मान खाली केली. नंतर तिने पिशवीत बराच शोध घेऊन लंगडीतली ट्रॉफी काढली आणि माझ्या हातात ठेवली. मला धन्य वाटलं. चार महिने तिच्या बोटांशी झगडले होते, निदान उत्तेजनार्थ तरी मिळालं.

साहेबांनी पदक गळ्यात तसंच ठेवून विचारलं, 'काय गं, तुझे बाबा कोण?'

बकुळने साहेबांच्या मिशांकडे बोट दाखवलं. 'बाबा.'

वर्षाचा हात माझ्या दंडावर आवळला गेला. 'मॅडम, ती सगळ्या मिशीवाल्यांना म्हणते हो, दूधवाल्याला पण म्हणते,' ती माझ्या कानात कुजबुजली. मी सांगणार होते, पण साहेबांनी हात वर केला. विलास नुसता उभा होता, सफाचट दाढीमिशांचा.  मला कवळीचा दिवस आठवला. आता सगळं चांगलं झालेलं असताना हे मोडतंय की काय, असं वाटलं.

या गडबडीत बकुळच्या बुटाचा पट्टा सुटला. तिने बूट काढला, हातात धरला आणि खोलीतली माणसं एकेक करून बघितली. साहेब. क्लार्क. मी. मी नकळत पुढे वाकलेसुद्धा. ती मला ओलांडून पुढे गेली, विलासला खुर्चीत ढकलून बसवलं आणि पाय त्याच्या मांडीवर ठेवला.

'हं,' साहेब म्हणाले आणि त्यांनी सही केली. पाककलेचं पदक त्यांनी परत दिलं नाही.

हातातल्या ट्रॉफीचा अर्थ मला तेव्हा कळला. बकुळ बक्षिसं परक्यांना देते. विलासला तिने आजवर एकही ट्रॉफी दिलेली नाही, वर्षाला नाही, आप्पांना नाही. त्यांना काय मिळतं ते मी डोळ्यांनी बघितलं होतं.

पुढे दोन वर्षं मी दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याला जात होते. चारही भेटींत मला चार मेडलं मिळाली आणि मी प्रत्येक वेळी हसून गळ्यात घातली. मग निवृत्त झाले. संस्थेने शाल आणि नारळ दिला. शाल चांगली होती.

गेल्या महिन्यात पहिल्यांदाच मी डोंबिवलीला वही न घेता गेले. बकुळ आता आठ वर्षांची आहे. शाळेतून आली की दुपारी आप्पांबरोबर दुकानात बसते, पदकांना रिबिनी ओवते. आप्पा पट्ट्या चिकटवतात आणि त्या वाकड्या चिकटल्या तर ती सांगते, 'चूक.' आप्पा मला म्हणाले, 'मालकीण झाली हा. माका कामावरून काढतली एक दिवस.' त्यांच्या तोंडावर असा आनंद मी त्यांचे दात वाटीत असताना पाहिला नव्हता. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आजही कोणाकडे नाही. ते रोज थोडं थोडं शिकवत राहतात.

चारला सगळे दुकानात जायला निघाले. विलास कुलपाची किल्ली शोधत होता, वर्षा डबा भरत होती, आप्पा आधीच दोन पायऱ्या उतरले होते. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते, कारण माझे गुडघे. बकुळ बूट घेऊन आली. तिने विलासकडे बघितलं, वर्षाकडे बघितलं, आप्पांकडे बघितलं. मग माझ्या शेजारी बसली आणि पाय माझ्या मांडीवर टाकला.

मी आधी बोटं बघितली. सरळ होती.

मी बूट घातला, पट्टा लावला. बकुळने पाय वर धरून नीट पाहणी केली.

'चूक,' ती म्हणाली. उजवा बूट डाव्या पायात गेला होता.

तिने तो काढून माझ्या हातात दिला आणि पाय पुन्हा माझ्या मांडीवर ठेवला.